संगीतोपचाराची एकरकमी सवलत आणि नोव्हेंबरचा हप्ता

प्रश्न : आमचा मुलगा ८ वर्षांचा आहे. त्याला स्वमग्नता आहे. मोजकेच शब्द बोलतो, पण आजी आरती म्हणते तेव्हा झांज अगदी तालात वाजवतो आणि ती थांबली की थांबतो. नाशिकमधील एका केंद्राने तीन वर्षांच्या संगीतोपचाराचे साडेचार लाख रुपये एकरकमी मागितले आहेत. आठवड्याला दोन सत्रे. सुटे सत्र २,००० रुपयांना पडते. दीड वर्षात तो वाक्ये बोलेल, असे ते सांगतात. त्यासाठी ५ लाखांची मुदत ठेव मोडावी का? माझे वय ४१, हाती येणारा पगार ९५ हजार. गृहकर्जाचा हप्ता व उपचार धरून खर्च ७० हजार. कर्ज २२ लाख शिल्लक आहे. कंपनीचा १० लाखांचा गटविमा आहे. पत्नीने नोकरी सोडली आहे, धाकटी मुलगी ३ वर्षांची आहे. मुलाच्या भविष्याची चिंता नाही, कारण करबचतही होईल म्हणून एजंटने सुचवलेली 'विशेष मुलांची' पॉलिसी ४ वर्षांपूर्वी घेतली : वर्षाला १ लाख २० हजार, १५ वर्षे, शेवटी साधारण २८ लाख. पुढचा हप्ता नोव्हेंबरमध्ये आहे. पॉलिसीचे पहिले पान सोबत जोडले आहे. आयकर नव्या प्रणालीने भरतो. नातेवाईक शिक्का बसेल म्हणतात, म्हणून मुलाचे अपंगत्वाचे प्रमाणपत्र काढलेले नाही.

उत्तर : ठेव मोडू नये. संगीतोपचार जरूर सुरू करावा, मात्र पैसे महिन्याच्या महिन्याला द्यावेत. आपल्या प्रश्नाचे उत्तर एवढेच आहे. आपण विचारलेले नाही, पण जोडलेल्या पानावर जे दिसते, ते या साडेचार लाखांपेक्षा कितीतरी महाग पडणारे आहे. तरीही आधी संगीताचा हिशोब संपवू.

वर्षाला ४८ आठवडे धरले, तर तीन वर्षांत २८८ सत्रे होतात. सुट्या दराने ५ लाख ७६ हजार, एकरकमी साडेचार लाख. म्हणजे बचत सव्वा लाखाची. आता समजा, सहा महिन्यांनी मुलाने त्या खोलीत पाय टाकायला नकार दिला, किंवा ज्यांच्याशी त्याचे जमले होते त्या उपचारक बाई केंद्र सोडून गेल्या. तोवर ४८ सत्रे, म्हणजे सुट्या दराने ९६ हजारांचे काम झालेले असेल आणि साडेतीन लाख अडकून पडतील. सव्वा लाखासाठी साडेतीन लाख पणाला लावणे हा सौदा, मूल कोणतेही असो, मी कुणाला करू देणार नाही.

राहिले दीड वर्षात वाक्ये बोलण्याचे आश्वासन. नऊ देशांतील ४ ते ७ वर्षांच्या ३६४ मुलांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, पाच महिन्यांच्या संगीतोपचारानंतर स्वमग्नतेच्या सामाजिक लक्षणांत नेहमीच्या उपचारांपेक्षा ठळक फरक दिसला नाही. पुढे २०२२ च्या कॉक्रेन या संशोधन-संस्थेच्या आढाव्याने २६ अभ्यास एकत्र तपासले. त्यात एकूण सुधारणा, लक्षणांची तीव्रता आणि जीवनमान यांबाबत संगीतोपचाराच्या बाजूने निष्कर्ष निघाला. बोलण्याबाबत मात्र उपचार संपताच स्पष्ट लाभ आढळला नाही. म्हणजे उपचार पोकळ नाही, आश्वासन पोकळ आहे. आपल्याकडे वाचा-उपचारतज्ज्ञाला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. संगीतोपचारकांसाठी त्या परिषदेचा वेगळा नोंदणी-वर्ग नाही, त्यामुळे पाटी कुणीही लावू शकतो. प्रशिक्षण कुठे घेतले, किती काळाचे, हे आपणच विचारायचे आहे.

आजी थांबली की मुलगा थांबतो, या आपल्या वाक्यात उपचाराचे मर्म आले आहे. चांगला उपचारक मुलाला गाणे शिकवत बसत नाही. मुलाने वाजवलेला ठोका उचलतो, त्याला उत्तर देतो आणि पुढच्या ठोक्याची वाट पाहतो. ही आळीपाळी आपल्या मुलात आधीच आहे, तेव्हा आठवड्याला एक सत्र घ्यावे, चालू वाचा-उपचार थांबवू नयेत आणि तीन महिन्यांनी काय पाहायचे हे केंद्राकडून लिहून घ्यावे. वर्षाला सुमारे ९६ हजार लागतील. केंद्र मासिक पैसे घ्यायला तयार नसेल, तर दुसरे केंद्र शोधावे. घरात एकटे कमावते आपण आहात. ५ लाखांची ठेव म्हणजे सात महिन्यांचा घरखर्च आहे, ती तशीच राहू द्यावी.

आता ते पहिले पान. त्यावर 'विमित व्यक्ती' या रकान्यात मुलाचे नाव आहे, आपले नाव 'प्रस्तावक' म्हणून आहे आणि प्रस्तावकाच्या मृत्यूनंतर हप्ते माफ होण्याच्या जोडविम्यापुढे (रायडरपुढे) 'लागू नाही' असे छापलेले आहे. म्हणजे, ज्याच्या पगारावर घर चालते त्याचा विमाच नाही आणि आठ वर्षांच्या मुलाचा आहे. उद्या आपले बरेवाईट झाले, तर ही पॉलिसी एक रुपयाही देणार नाही, उलट आपल्या पत्नीकडे पुढचा हप्ता मागेल. याला 'विशेष मुलांची' योजना म्हणणाऱ्या एजंटविषयी मी इथे फार लिहीत नाही. छापील पानावर 'विशेष' हा शब्द कुठेही नाही, एवढे आपणच पाहून घ्यावे.

परताव्याचे म्हणाल, तर १५ वर्षांत १८ लाख भरून २८ लाख म्हणजे वर्षाला साडेपाच टक्क्यांच्याही आत. हेच हप्ते पीपीएफमध्ये सध्याच्या ७.१ टक्क्यांनी साडेबत्तीस लाखांच्या आसपास गेले असते. करबचत म्हणाल, तर नव्या प्रणालीत विम्याच्या हप्त्याची वजावट मिळतच नाही.

शिवाय पैसे येतील तेव्हा मुलगा १९ वर्षांचा असेल. आई-वडील नैसर्गिक पालक असतात ते १८ वर्षांपर्यंतच. त्यानंतर बँक आणि विमा कंपनी त्याची स्वतःची सही मागतील. तो तेव्हा आपले व्यवहार समजून करू लागला असेल, तर फारच उत्तम. नसेल, तर स्वमग्नतेसारख्या अपंगत्वांसाठी असलेल्या राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडून कायदेशीर पालकत्व घ्यावे लागेल. अडचण आपल्या माघारी उद्भवली, तर धावपळ पत्नीची होईल.

आपल्याला हवा आहे तो साधा मुदत विमा (टर्म इन्शुरन्स), आपल्या स्वतःच्या आयुष्याचा, २ कोटींचा, वयाच्या ६५ पर्यंतचा. हप्ता ५० हजारांच्या आसपास धरावा. नेमका आकडा वैद्यकीय तपासणीनंतर कळेल. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटी नाही, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. २ कोटींतून कर्ज फेडून उरलेल्या पावणेदोन कोटींवर ६ टक्क्यांनी वर्षाला साडेदहा लाख येतात. गृहकर्जाचा हप्ता धरून आजचा खर्च ८ लाख ४० हजार आहे. मुलाच्या पुढच्या पन्नास वर्षांची महागाई धरली, तर हाही आकडा सढळ नाही. गटविम्याचे १० लाख यात धरलेले नाहीत, कारण नोकरी गेली की तेही जातात. पॉलिसी विवाहित स्त्री मालमत्ता कायदा, १८७४ नुसार घ्यावी, म्हणजे रक्कम धनकोंच्या हाती लागत नाही. मात्र लाभार्थी नंतर बदलता येत नाहीत, म्हणून अर्ज भरण्याआधी वकिलाला विचारावे. मुलाच्या नावे थेट काही ठेवण्याऐवजी त्याच्यासाठी खासगी न्यास (ट्रस्ट) करावा आणि मृत्युपत्रात तसे लिहावे. 'धाकटी सांभाळेल' असे बहुतेक घरांत धरून चालतात. तीन वर्षांच्या मुलीला ही नेमणूक आपण आजच देऊ नये.

पत्राच्या शेवटी ओझरते लिहिले आहे की, नातेवाईक शिक्का बसेल म्हणतात म्हणून मुलाचे अपंगत्वाचे प्रमाणपत्र काढलेले नाही. ते जिल्हा रुग्णालयातून काढून घ्यावे. त्याशिवाय राष्ट्रीय न्यासाची निरामय ही आरोग्य विमा योजना मिळत नाही. तिचे संरक्षण वर्षाला १ लाखापर्यंत आहे आणि नियमित उपचारांचा खर्चही तीत ठरावीक मर्यादेपर्यंत मिळतो. नातेवाईक आपले उपचारांचे बिल भरणार नाहीत.

जुनी पॉलिसी चालू ठेवण्यासाठी आणखी ११ हप्ते, म्हणजे १३ लाख २० हजार जातील. मोडल्यास आज किती मिळतील आणि हप्ते थांबवून 'पेड-अप' केल्यास मुदतीअखेर किती, हे दोन्ही आकडे कंपनीच्या शाखेकडून लेखी घ्यावेत, एजंटकडून नव्हे. नोव्हेंबरचा १ लाख २० हजारांचा हप्ता मात्र कोणत्याही परिस्थितीत भरू नये. त्यातले ५० हजार मुदत विम्याला जातील, ७० हजार संगीतोपचाराला, आणि वरचे २६ हजार आपल्या मासिक शिल्लकीतून सहज निघतील.