मासा गळाला लागतो पण हातातून सुटतो, त्यावर थोडं
मित्रा, तुझा मासा सुटतोय तो बहुतेक घाईमुळे. पहिली टुकटुक झाली की लगेच रॉड ओढू नकोस, मासा आधी आमिष चाखतो, लाइन ताठ होऊन वजन जाणवलं की मगच झटका दे, आणि सर्कल हुक (टोक आत वळलेला गोलसर गळ) असेल तर झटका अजिबात नको, नुसतं रील (लाइन गुंडाळायची चकरी) फिरवत राहा, तो गळ आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो.

ड्रॅग, म्हणजे किती जोर आला की लाइन सुटू द्यायची हे ठरवणारा रीलचा ब्रेक, घरूनच सेट करून जा. १० किलो ताण सोसणारी लाइन असेल तर ड्रॅग साधारण अडीच-तीन किलोवर, म्हणजे मोठ्या माशाने धाव घेतली तरी लाइन तुटत नाही. तो पळतोय तेव्हा पळू दे बाबा, रील फिरवू नको, थांबला की रॉड हळू वर घे आणि खाली आणताना लाइन गुंडाळ. लाइन सैल मात्र एक क्षणही पडू देऊ नको, माझे सगळ्यात जास्त मासे तिथेच गेलेत!

काठाजवळ तो शेवटची उसळी मारतोच. जाळी आधीच पाण्यात धर, मासा डोक्याकडून तिच्यावर आण, शेपटीकडून कधीच नको. सोडून द्यायचा असेल तर हात ओले करून धर.