'फंक'मधला धूर

फंकाडेलिक या अमेरिकी बँडचा (फंक म्हणजे ठेक्यावर भर देणारे कृष्णवर्णीय अमेरिकींचे संगीत) १९७० साली निघालेला, त्याच नावाचा पहिला अल्बम ऐकून एका वाचकाने विचारले आहे की, या नावातला 'फंक' आणि आपण भडक कपड्यांना लावतो तो 'फंकी' एकच का.

शब्द एकच आहे, पण जाहिरातवाल्यांनी त्याची पार रया घालवली आहे. पिवळ्याजर्द चष्म्यापासून दिवाणखान्यातल्या उशीपर्यंत जे काही झगझगीत असेल ते 'फंकी', असे रोज कानावर आदळते. वस्तुतः या शब्दाचे मूळ रंगात नसून वासात आहे. भीती आणि उदासी हे त्याचे अर्थ कोणत्याही कोशात सापडतील. ते येथे सोडून देतो.

सतराव्या शतकातल्या इंग्रजीत 'फंक' म्हणजे कोंदलेला उग्र वास, त्यातही तंबाखूच्या धुराचा. व्युत्पत्तिकार त्याचा माग फ्रेंच बोलींतल्या 'धुरी देणे' या अर्थाच्या क्रियापदातून लॅटिन 'फ्यूमुस'पर्यंत नेतात, आणि खरी गंमत इथे आहे: मूळच्या 'ध'चा लॅटिनमध्ये शब्दारंभी 'फ' होत असल्यामुळे हा 'फ्यूमुस' म्हणजे संस्कृत 'धूम'च होय. धूमकेतूतला धूम आणि हा फंक अशा रीतीने एकाच कुळातले ठरतात. उच्चारसाम्यावर भाळून त्याला 'फुंकणे'शी जोडू नये. ते क्रियापद फुंकरीच्या आवाजावरून आलेले आहे.

येल विद्यापीठातील कला-इतिहासकार रॉबर्ट फॅरिस थॉम्प्सन यांनी मात्र मध्य आफ्रिकेतल्या किकोंगो भाषेतल्या 'लु-फुकी', म्हणजे अंगाच्या दर्पाकडे बोट दाखवले. तेच मूळ असल्याचे आता सर्रास सांगितले जाते, आणि ते मला साफ अमान्य आहे, कारण वासाचा अर्थ इंग्लंडमध्ये आधीच रुळलेला होता. तथापि, दुर्गंधीचा शब्द स्तुतीचा कसा झाला, याचे उत्तर थॉम्प्सन यांच्याकडेच आहे: कोंगो परंपरेत कष्टणाऱ्या माणसाच्या घामाच्या दर्पाला मान आहे. न्यू ऑर्लिन्सचा जॅझवादक बडी बोल्डन याचे 'फंकी बट' हे गाणे कोंदट हवेवरच होते आणि फंक गायक जेम्स ब्राउनच्या १९६७ च्या गाण्याचे नावच 'कोल्ड स्वेट', म्हणजे थंड घाम, असे आहे.

बॅसवादक बिली नेल्सनने सुचवलेल्या 'फंकाडेलिक' या नावाचा उत्तरार्ध 'सायकेडेलिक'मधून आला. एलएसडीसारख्या भ्रम निर्माण करणाऱ्या द्रव्यांसाठीचा तो शब्द मानसोपचारतज्ज्ञ हम्फ्री ऑस्मंड यांनी १९५६ मध्ये लेखक ऑल्डस हक्सली यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात घडवला: ग्रीक 'प्सुखे' म्हणजे आत्मा, 'देलोस' म्हणजे प्रकट. 'प्सुखे'चा संबंध श्वासाशी आहे, आणि आपला 'आत्मन्'देखील श्वासवाचक जर्मन 'आटेम'चा सगोत्र आहे. म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकींच्या सोल संगीतातला 'सोल', अर्थात आत्मा, या नावात ग्रीक वेशात आधीच बसलेला आहे.

अल्बमची रचनाही हेच दाखवते. न्यू जर्सीतल्या प्लेनफील्डच्या केशकर्तनालयात जमलेल्या, बँडचा म्होरक्या जॉर्ज क्लिंटन याच्या गायकांचे सोलच्या वळणाचे आवाज एडी हेझलच्या फाटलेल्या, घुमणाऱ्या गिटारमध्ये मिसळतात. पहिल्या गाण्याचे शीर्षकच 'आई, फंकाडेलिक म्हणजे काय?' असे आहे, तर शेवटचे गाणे 'सोल म्हणजे काय?' असे विचारते. त्याला मिळणाऱ्या उत्तरांपैकी एक आहे न्हाणीच्या टबाला कडेने बसलेला मळाचा वळसा.