तुमचे प्रश्न, आमची उत्तरे : बारा जण, तीन दिवस, चार पिढ्यांचे नखरे

प्रश्न : आम्ही इंदूरचे. दिवाळीनंतर बारा जण तीन दिवसांसाठी निघतोय. आजेसासूबाई 86 वर्षांच्या, मामंजी मधुमेही, इन्शुलिन चालू. सासूबाईंचे गुडघे दुखतात. मुलं 4 आणि 7 वर्षांची, धाकटीला गाडी लागते. दीर-नणंद कॉलेजातले. मांडू, महेश्वर, ओंकारेश्वर तिन्ही व्हावं असा घरचा आग्रह आहे. जमेल का? (रामबाग)

उत्तर : धावतपळत जमेल, पण मग आजींच्या वाट्याला नुसती गाडीची सीट येईल. या खेपेला ओंकारेश्वर काढा. कार्तिकात, त्यातून पौर्णिमेला, तिथे उभं राहायला जागा नसते. इंदूरहून ते जेमतेम 80 किलोमीटर, एखाद्या साध्या वारी सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. घरात हे पटवायचं काम मामंजींवर सोपवा, सुनेने बोलू नये.

पहिल्या दिवशी सातला निघून मांडू, दुपारी तिथून महेश्वर, आणि दोन्ही रात्री महेश्वरलाच मुक्काम. रोज खोली बदलली की म्हाताऱ्या माणसांची औषधं, चष्मे, कवळी काही ना काही मागे राहतंच. तळमजल्यावरच्या, कमोड असलेल्या खोल्या फोनवर नक्की करा आणि बाथरूममध्ये धरायला दांडी आहे का, तेही विचारा. अंघोळीचं प्लास्टिकचं स्टूल घरूनच न्या. टेम्पो ट्रॅव्हलरची पहिली पायरी उंच असते, तिथेही तेच पायाखाली येतं.

गाडी 17 सीटची घ्या, 12ची नको. सामान मधल्या वाटेत आलं की आजींना उतरताच येत नाही. भाडं ठरवताना एक बघा : बाहेरगावी बरेच गाडीवाले रोजचे किमान 250 किलोमीटर धरतात, म्हणजे तीन दिवसांचे 750. तुमचा सगळा फेरा 250च्या आसपासच. म्हणून किलोमीटरवर न जाता एकरकमी भाव ठरवा, ड्रायव्हरचा भत्ता आणि टोल धरून.

धाकटीला पुढच्या रांगेत बसवा, हातात मोबाईल नको. मागच्या सीटवर धक्के जास्त, त्या कॉलेजवाल्यांना द्या. उलटीचं औषध मुलांच्या डॉक्टरांना विचारूनच, आणि निघण्याआधी द्या. मळमळायला लागल्यावर दिलेलं पोटात टिकत नाही. रिकाम्या पोटीही नेऊ नका. पोह्यांवर भरपूर शेव आणि वर जिलेबी हा नाश्ता मात्र त्या सकाळी मोठ्यांनीच करावा.

मांडूत सगळ्यांनी मिळून जहाज महाल बघायचा. मुंज तलाव आणि कपूर तलाव यांच्या मधली ही इमारत सुमारे 120 मीटर लांब आहे. बाग आणि खालचा भाग आजींना झेपेल, गच्चीचा जिना नाही. त्या बागेत सावलीला बसल्या की तरुण मंडळींनी रूपमती मंडपाला जावं. तिथे चढ आहे. हवा स्वच्छ असेल तर वरून नर्मदेची बारीक रेघ दिसते, धुरकट असेल तर काहीच नाही, तेव्हा मुलांना आधीच आशा लावू नका. जामी मशिदीच्या पायऱ्याही वडीलधाऱ्यांनी टाळाव्यात. रस्त्याकडेला गोरखचिंचेची फळं विकायला असतात. आतला पांढरा आंबट गर चघळत मुलं अर्धा तास गप्प बसतात.

जेवण साडेबाराला. मामंजींनी इन्शुलिन पान वाढल्यावरच घ्यावं; दाल-पानिये (डाळीबरोबरचे मक्याचे पानिये) गोवऱ्यांवर भाजून यायला वेळ लागतो आणि घोटाळा तिथेच होतो. हात थरथरले, घाम फुटला, तर रक्तातली साखर उतरली समजा; तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून द्या, 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. इन्शुलिन बंद गाडीत ठेवू नका, बर्फालाही चिकटवू नका.

महेश्वरला किल्ल्यातून घाटावर उतरायला बऱ्याच पायऱ्या आहेत. उतरणं जमतं, चढताना गुडघे बोलतात. गाडी नदीच्या बाजूने कुठवर जाते ते मुक्कामाच्या ठिकाणी विचारून घ्या. होडी अख्खी ठरवा, लाइफ जॅकेट मुलांच्या मापाचं मागा. आजींना आधी चढवून मधल्या फळीवर बसवा. दुसरा दिवस मोकळाच ठेवा : सकाळी घाट, दुपारी झोप, मग साड्या. माग चालताना बघायचा तर रेहवा सोसायटीत जा, 1979पासून तिथे महेश्वरी विणतात.

खर्च : गाडी माणशी, खोल्या कुटुंबागणिक, जेवण एका खजिनदाराच्या हातून. मुलांचं अर्धं, आजी-मामंजींकडून काही घ्यायचं नाही.

प्रश्न : बडोद्याहून काका-काकू नातवंडांसह येताहेत. रात्री सराफ्यात न्यावं का? (सुदामा नगर)

उत्तर : सराफा, म्हणजे रात्रीचा खाऊबाजार, खरा रंगतो दहानंतर, गर्दीत खांद्याला खांदा लागतो. तिथे तरुणांना पाठवा. काका-काकूंना संध्याकाळी छप्पन दुकान या खाऊगल्लीत न्या. तिथे आत वाहनं नाहीत आणि बसायची सोय आहे. भुट्ट्याचा कीस दोघांनाही चालेल. गराडू (एक कंद) तळलेले असतात, त्यांना एखादीच फोड द्या.