आंजर्ल्याला आकाशगंगा दिसलीच नाही

प्रश्न : फेब्रुवारीत आम्ही चौघं आंजर्ल्याला गेलो होतो, अमावास्या बघूनच. रात्री नऊला समुद्राकडे तोंड करून ट्रायपॉड लावला. कॅमेरा साधा क्रॉप सेन्सरवाला (म्हणजे लहान सेन्सरचा), लेन्स सोबत मिळालेली १८-५५ मिमी. ३० सेकंदांचे फोटो काढले तर तारे तांदळाच्या दाण्यासारखे लांबट आले आणि आकाशगंगेचा जाड पट्टा कुठेच नाही. भारी लेन्स घ्यावीच लागेल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : पैसे राहू द्या खिशात, लेन्सचा काही दोष नाही. तुम्हाला हवा तो भाग वृश्चिकाच्या नांगीजवळ, मूळ नक्षत्राच्या बाजूला असतो आणि फेब्रुवारीत तो उगवतो पहाटे, तोही आग्नेयेला, म्हणजे तुमच्या पाठीमागे सुरूच्या झाडांवर. आपली कोकणातली किनारपट्टी पश्चिमेला तोंड करून आहे हेच सगळे विसरतात (मीपण विसरलो होतो, दोन ट्रिपा फुकट गेल्यात). समुद्रावर तो पट्टा हवा असेल तर एक तर मेमध्ये पहाटे साडेतीन-चारला जा, तेव्हा तो दक्षिणेकडून समुद्राकडे कललेला असतो, नाहीतर सरळ दिवाळीत. लक्ष्मीपूजनाला अमावास्याच असते, साडेसातच्या सुमारास नैऋत्येला, हात लांब केला की क्षितिजापासून दीड-दोन मुठी वर दिसेल, साडेआठच्या आत उरका. फटाक्यांचा धूर नको असेल तर भाऊबीजेला गेलात तरी चालतं, चंद्राची कोर लवकर बुडते.

आता लांबट तारे. ५०० ला १८ गुणिले १.५ नं भागा (१८ म्हणजे लेन्सचे मिमी, १.५ हा लहान सेन्सरचा गुणक), साधारण १८ सेकंद येतात, शटर त्याच्या पुढे उघडं ठेवू नका. एफ ३.५ (लेन्सचं तोंड पूर्ण उघडं), आयएसओ म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता ३२००, फोकस मॅन्युअल. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर, एखादा ठळक तारा झूम करून तो टाचणीच्या टोकाएवढा होईपर्यंत रिंग फिरवायची आणि मग हात लावायचा नाही. ट्रायपॉडचे पाय वाळूत दाबून रोवा, नाहीतर फोटो चालू असतानाच ते खचतात. एसी रूममधून कॅमेरा थेट बाहेर काढलात की लेन्सवर वाफ धरते, बॅगेतच अर्धा तास बाहेर ठेवा.

आणि भरती बघा! अमावास्येला संध्याकाळी सहाच्या आसपास ओहोटी असते, पाणी लांब गेलेलं दिसतं म्हणून आपण पार खाली जाऊन उभे राहतो, मग ते गुपचूप चढत मध्यरात्रीपर्यंत उधाण येतं. माझी बॅग अशीच भिजली, चार्जर गेला, मी वर बघत बसलेलो.

एक राहिलं, फेब्रुवारीत तिथं कासवांची घरटी असतात, पिल्लं उजेडाच्या दिशेनं चालतात, तेव्हा मोठा टॉर्च फिरवू नका. मोबाईलच्या टॉर्चवर लाल जिलेटीन पेपर चिकटवला की काम भागतं, स्टेशनरीच्या दुकानात मिळतो.