मुरबाडला एक एकर आहे, राहतो ठाण्यात. ड्रॅगन फ्रूट लावू की दुसरं काही हटके? आणि विकू कुठे?

ड्रॅगन फ्रूट मला तरी नाही पटत. सिमेंटचे खांब, वरच्या रिंगा, रोपं हा सगळा खर्च पहिल्याच वर्षी अंगावर येतो आणि फळ येतं ऐन पावसाळ्यात, म्हणजे सांगली-सोलापूरचा माल वाशीला उतरतो नेमका तेव्हाच. त्या पडलेल्या भावात तुमच्या चार क्रेटना कोण विचारणार?

तुमच्याकडे जे आहे ते त्यांच्याकडे नाही, सकाळी तोडलेलं दुपारी ठाण्यातल्या गिऱ्हाइकाच्या हातात. म्हणून आधी गिऱ्हाईक बघा, मग पीक. मी तर म्हणेन कंटोळी (करटोली, वेलावरची काटेरी रानभाजी) लावा. पावसाच्या सुरुवातीला इथे चिकनच्या भावाने जातात आणि पुढे श्रावणात घराघरात नॉनव्हेज बंद असतं, तेव्हा मागणी असतेच.

बियांच्या नादी लागू नका, उगवायला कटकट आणि वेल नर की मादी हे फूल येईपर्यंत कळत नाही. कंदच घ्या, तेही नर-मादी खुणा करून ठेवलेले. आठ-दहा माद्यांमागे एक नर पुरतो पण सगळे नर एका कोपऱ्यात नको, मांडवभर विखरून लावा. फुलं संध्याकाळी उमलतात. फळ कमी धरतंय असं वाटलं तर नराचं फूल तोडून मादीच्या फुलाला हलकंच टेकवायचं, मादी ओळखायला सोपी, पाकळ्यांच्या खाली इवलंसं काटेरी कंटोळं आधीच लागलेलं दिसतं. वाफे उंच करा, आपल्याकडच्या पावसात पाणी साचलं की कंद सडलाच म्हणून समजा. हिवाळ्यात वेल वाळतो तेव्हा मेला समजून उपटू नका, कंद खाली जिवंत असतो, पुढच्या पावसाला परत फुटतो. तोडणी हिरवी-कोवळी असतानाच, पिवळी पडली की बायका हातही लावत नाहीत.

विकायचं म्हणाल तर वीस-पंचवीस किलोसाठी वाशी मार्केटला जाऊ नका, टेम्पो आणि हमालीतच निम्मं जाईल. 2016 पासून फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून बाहेर आहे त्यामुळे थेट विकायला अडचण नाही. घोडबंदर रोडच्या दोन-तीन सोसायट्या धरा, कमिटीला आधी विचारा, आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर घ्या आणि तेवढंच तोडा. पाव किलोची पाकिटं करा, किलोचा भाव ऐकून लोक दचकतात.

ऋषीपंचमी अजिबात सोडू नका. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नसतं, म्हणून कुदळीने खणून लावलेलं अळू, लाल माठ, भेंडी, पडवळ, सुरण, मक्याचं कणीस असा तयार वाटा बांधून दिलात तर वेगळी जाहिरात लागत नाही. (ट्रॅक्टर चालतो का यावर आमच्या सोसायटीत दरवर्षी वाद होतो, तुम्ही त्यात पडू नका.)

बांधावर शेवळाचे कंदही टाकून ठेवा, ही पावसाळी रानभाजी, खर्च जवळपास नाहीच. पहिल्या पावसाच्या आगेमागे कोंब वर येतात आणि ठाण्यात सीकेपी घरांमध्ये त्याची वाट बघणारे पुष्कळ आहेत. काकडाचं (आंबट फळांचं रानझाड) झाड असेल तर तोडू नका हां, शेवळांची खाज मारायला काकडं लागतातच, जुडीबरोबर मूठभर दिलीत की भावात घासाघीस होत नाही.