तुमच्या पाकिटात एक नाही, तीन तोफा आल्या आहेत

तुमची पोस्ट वाचली: शांदूर खिंडीचा डायोरामा (छोट्या प्रतिकृतींचं दृश्य), चित्रालची १८९५ ची मोहीम (आजच्या उत्तर पाकिस्तानात), स्केल १:३५, बर्फातून स्क्रू गन (दोन तुकड्यांत सुटणारी डोंगरी तोफ) नेणारी खेचरं. तुम्ही संग्रहालयाकडून पैसे भरून तोफेच्या मोजमापांचा कागद आणि फोटो मागवला. कागदावर बोअर (नळीच्या आतला व्यास) ३ इंच, पुस्तकात २.५ इंच, फोटोतली तोफ दोन्हींशी जुळत नाही, आणि आता तुम्ही विचारताय की माझं कुठे चुकतंय. तुमचं काहीही चुकत नाहीये. तुम्ही फोटोचं जे वर्णन केलंय (मागच्या भागावर निम्मं कॅनव्हास, खाली एक दांडी बाहेर आलेली) ते वाचून मी हसलो, कारण हेच पाकीट माझ्याकडेही आलं होतं. कार्यालय तेच की दुसरं, देव जाणे. नाव मी घेणार नाही आणि तुम्हीही इथे घेऊ नका.

आधीच सांगतो, मी इतिहासकार नाही, हौशी मॉडेलवाला आहे. प्लास्टिक शीट कशी कापायची, प्रायमर कुठला, वगैरे तुम्हाला येतंच, ते सोडून देतो.

१९व्या शतकातली डोंगरी तोफ नावावरून ओळखायला जाऊ नका. ओझ्यावरून ओळखा. खेचराच्या पाठीवर साधारण २०० पौंडांचा एक तुकडा चढतो, आणि सगळी रचना त्या एका आकड्याभोवती झालेली आहे. नळी एका खेचरावर मावते की दोन खेचरांवर, हा पहिला प्रश्न. बोअर नंतर.

तुमच्या कागदावरची ३ इंची तोफ म्हणजे जुनी ७ पौंडी (पौंड गोळ्याच्या वजनाचे). तोंडाकडून ठासायची, आत तीन खोबणी, गोळ्याला त्यात बसणारी बटणं. नळी अखंड, वजन मार्कप्रमाणे (म्हणजे आवृत्तीप्रमाणे) १५० ते २०० पौंड, म्हणजे एका खेचराचं ओझं. ब्रिटिश सेनापती नेपियरची मोहीम १८६७-६८ मध्ये मुंबईहून ॲबिसिनियाला (आजच्या इथिओपियाला) गेली तेव्हा १५० पौंडांच्या अशाच तोफा बरोबर होत्या. (त्या मोहिमेत मुंबईहून ४४ हत्तीही गेले होते, पण ते जड आर्मस्ट्राँग तोफा आणि उखळी तोफा वाहायला. आफ्रिकेच्या डोंगरात मुंबईचे हत्ती! कुणीतरी त्याचा डायोरामा करा, माझ्याकडे तेवढी जागा नाही.)

दुसरी २.५ इंची, तीच खरी स्क्रू गन, १८७९ ची. आखूड नळीने गोळा लांब जात नव्हता, आणि लांब नळी खेचराला झेपत नव्हती. मग नळीच दोन तुकड्यांत केली, प्रत्येक तुकडा २०० पौंडांच्या आसपास, आणि जागेवर पोचलं की ट्रनियनजवळ (नळी गाड्यावर टेकते त्या आडव्या खुंट्यांजवळ) मोठ्या नटाने आवळायची. एका तोफेला पाच खेचरं: मागची नळी, पुढची नळी, गाडा, आस, चाकं. दारूगोळ्याची वेगळी. पल्ला ४००० यार्डांच्या घरात गेला. ठासायची मात्र अजूनही तोंडाकडूनच. आणि घोळ इथे होतो: हिचा गोळाही सात पौंडांच्या आसपासचा, त्यामुळे कागदोपत्री हिलाही कुणी ७ पौंडी म्हणतं.

तिसरी तुमच्या फोटोतली. कॅनव्हासखालून आलेली ती दांडी ब्रीच, म्हणजे नळीचं मागचं तोंड, उघडायची आहे. ब्रीच उघडते म्हणजे तोफ मागून भरायची, म्हणजे ही १९०१ ची १० पौंडी, बोअर २.७५ इंच. हिचीही नळी दोन तुकड्यांची, त्यामुळे 'जोड दिसतोय म्हणजे स्क्रू गन' हा नियम इथे पार झोपतो. २१ कोहाट आणि २६ जेकब्स या बॅटऱ्या (तोफखान्याच्या तुकड्या) पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, तुर्कस्तानात गॅलिपोलीला उतरल्या त्या ह्याच तोफा घेऊन. १८९५ च्या चित्रालमध्ये ती असणं शक्यच नाही.

आता माझी कहाणी, थोडक्यात सांगायचा प्रयत्न करतो. माझ्या फोटोखाली टाइप केलेलं होतं, 'स्क्रू गन, दुसरे अफगाण युद्ध'. म्हणजे १८७८ ते ८०. मी कळवलं की ही तोफ त्या युद्धानंतर वीसेक वर्षांनी आली, दांडी बघा. उत्तर नाही. प्रत्यक्ष गेलो तर खिडकीवरच्या बाईंनी नोंदवही माझ्यासमोर फिरवली आणि बोट ठेवलं: इथे जे लिहिलंय तेच आम्ही छापून देणार. बरं, मग नोंद दुरुस्त करा. त्यासाठी तज्ज्ञाचं पत्र लागेल. तज्ज्ञ कोण? मान्यताप्राप्त यादीतला. यादी कुठे मिळेल? ती प्रसिद्ध झालेली नाही. तोफ खुद्द त्यांच्याच आवारात, छपराखाली, त्या खिडकीपासून शंभर पावलांवर उभी होती. म्हटलं, बाई, चला, कॅनव्हास उचलून दाखवतो. तर म्हणे वस्तूला हात लावायची परवानगी वेगळ्या विभागाची, आणि तो विभाग दुसऱ्या शहरात.

त्या मोजमापांवर मी लेथवाल्याकडून पितळी नळी करून घेतली होती. ती वाया गेली, प्रदर्शनाची तारीख गेली, भरलेली फी तर गेलीच. पैशाचं एवढं नाही वाटत. चुकीचा फोटो अजून त्याच ओळीसकट विकला जातोय, आणि दर दोन-तीन वर्षांनी कुणीतरी नवा माणूस तो लावून बसतो. आता तुम्ही. म्हणून फुकटचा सल्ला: त्यांच्याशी भांडत बसू नका, दुरुस्तीचा अर्जही करू नका. पैसे विसरा. (कुणाला यापेक्षा बरा अनुभव असेल तर जरूर लिहा, मला आनंदच होईल.)

आणि गंमत अशी की तुम्ही ज्या कागदाला चुकीचा समजताय तोच तुमच्या कामाचा आहे.

१८९५ मध्ये चित्रालच्या किल्ल्याला वेढा पडला होता. तो सोडवायला निघालेल्या कर्नल केलींच्या तुकडीने शांदूरवरून ज्या दोन तोफा नेल्या त्या काश्मीरच्या १ नंबर माउंटन बॅटरीच्या, जुन्या ७ पौंडी. स्क्रू गन नव्हत्याच. केली २३ मार्च १८९५ ला गिलगिटहून निघाले, बरोबर ३२व्या पायोनियर्सचे (रस्ते बांधणारी पायदळ पलटण, जवान शीख) ४००च्या आसपास जवान. खिंड १२,००० फुटांच्या वर, एप्रिलची सुरुवात, बर्फ इतकं भुसभुशीत की ओझ्याची जनावरं पोटापर्यंत रुतायला लागली आणि पहिल्या प्रयत्नात माघारी फिरावं लागलं. घसरगाड्या करून पाहिल्या, पण वाट इतकी अरुंद की त्याही चालेनात. शेवटी तोफा माणसांनी उचलल्या. नळी, गाडा, चाकं, गोळ्यांच्या पेट्या, सगळं पायोनियर्स आणि काश्मिरी शिपायांनी आळीपाळीने खांदे बदलत पलीकडे लासपूरला उतरवलं, आणि तेही स्वतःची रायफल, काडतुसं अंगावर ठेवून. किती जणांना बर्फाच्या चकाकीने काही काळ दिसेनासं झालं, काहींना हिमदंश झाला. त्याच तोफांनी ९ एप्रिलला चोकलवात आणि १३ ला निसा गोलला काम केलं, आणि २० एप्रिलला तुकडी चित्रालला पोचली. किल्ल्यात तेव्हा अडकलेला कॅप्टन टाऊनशेंड पुढे १९१५-१६ साली इराकमधल्या कुतच्या वेढ्यात पुन्हा अडकला, त्या वेळी त्याच्याबरोबर मराठा पलटणी होत्या. १०३, ११० आणि ११७.

तर तुमच्या दृश्यातली खेचरं काढा. मला माहितीये, खेचरांवर तुमची सगळ्यात जास्त मेहनत झाली असणार. पण खिंडीच्या माथ्यावर तोफ लादलेलं खेचर दाखवलंत तर ज्या गोष्टीसाठी शांदूर लक्षात राहतं तीच गेली. खेचरं वाया घालवायची नसतील तर दृश्य अलीकडे, तेरू गावाजवळ घ्या, पहिल्या प्रयत्नाचं: रुतलेली जनावरं, सोडलेले तंग, बर्फात आडवी पडलेली नळी. मला विचाराल तर मी तेच करीन.

स्क्रू गनच करायची असा हट्ट असेल तर दुसऱ्या अफगाण युद्धातला १८८० चा काबूल-कंदाहार कूच घ्या. ब्रिटिश सेनापती रॉबर्ट्सने चाकांवरून ओढायचा तोफखाना मागेच ठेवला आणि फक्त १८ डोंगरी तोफा घेतल्या. मात्र तिथेही जपून. स्क्रू गन फक्त ६/८ रॉयल आर्टिलरी या बॅटरीकडे होत्या, म्हणजे गोरे गोलंदाज. त्याच कूचमधल्या डेराजात या हिंदी बॅटरीच्या शिखांच्या हाती स्क्रू गन दिलीत तर प्रदर्शनात माझ्यासारखा एखादा खडूस येऊन सांगणारच.

इतकी खेचरं का लागतात आणि त्यातलं एक गेलं तर काय होतं हे बघायचं असेल तर निकल्सन्स नेकची लढाई वाचा, ३० ऑक्टोबर १८९९, दक्षिण आफ्रिका. १० नंबर माउंटन बॅटरीची खेचरं आदल्या रात्रीच्या चढणीवर बिथरली आणि तोफांचे भाग, दारूगोळा घेऊन अंधारात डोंगराखाली पळाली. वर पोचलेल्या पलटणींपाशी एकही धड तोफ उरली नाही आणि उजाडल्यावर, त्याच दिवशी शरणागती. पुढची नळी खेचराबरोबर पळाली असेल तर मागची नळी नुसतं लोखंड आहे. अशा तोफेच्या कानात (बत्तीच्या भोकात) मेख मारून ती निकामी करायची तसदीही शत्रूला नको.

आता मापं. १:३५ ला ३ इंची बोअर २.१८ मिमी, २.७५ इंची जवळपास २ मिमी, २.५ इंची १.८ मिमी. एवढ्या फरकाने काही कळत नाही, डोळ्याला तर मुळीच नाही. म्हणून बोअर मोजत बसू नका, नळीचा मागचा शेवट बघा. जुन्या ७ पौंडीची नळी आखूड, अखंड, मागून बंद, मधे कुठेही जोडाच्या नटाचं जाड कडं नाही. ते कडं तुम्ही बसवलं असेल तर घासून काढा. ठासायचा गज गाड्यालगत दाखवा. पितळी नळी पुण्यात बोहरी आळीत मिळते, पण एवढ्या बारीक कामाला इंजेक्शनची जाड सुई जास्त सरळ असते आणि औषधाच्या दुकानात स्वस्त पडते. टोक आधी पक्कडने मोडा, मग घासा, नाहीतर बोटात जाईल.

माणसांच्या अंगात पोस्तीन (मेंढीच्या कातड्याचा कोट) घाला, केस आतल्या बाजूला. नुसते खाकी कोट घातलेले जवान १२,००० फुटांवर बघवत नाहीत. ७ पौंडीच्या गाड्याची माझी मापं व्यक्तिगत निरोपातून पाठवतो, ती मी दुसऱ्या ठिकाणी उभ्या असलेल्या तोफेवरून टेप लावून घेतली आहेत. तिथल्या चौकीदाराने चहा पण पाजला.