लॅपटॉपचं वायफाय कार्ड बदलायचंय. कोणतं चालेल हे विकत घेण्याआधी कसं ओळखायचं?

तुम्ही दिलेल्या माहितीनुसार प्रोसेसर आय५-८२५०यू आहे, आतलं कार्ड रिअलटेक ८७२३डीई आहे आणि ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क यादीत दिसतच नाही. इंटेलचं एएक्स२०१ तुमच्याच मापाचं, म्हणजे एम.२ २२३० (२२ मिमी रुंद, ३० मिमी लांब) आहे, म्हणून ते घ्यायचं मनात आहे. ते घेऊ नका. स्लॉटमध्ये ते व्यवस्थित बसेल, स्क्रूही लागेल, पण विंडोजला ते सापडणार नाही.

माप जुळलं म्हणजे कार्ड जुळलं असं नसतं, आणि सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. साध्या कार्डावर वायफायचं सगळं काम कार्डावरच होतं आणि ते पीसीआय एक्सप्रेसवरून, म्हणजे मदरबोर्डवरच्या डेटाच्या नेहमीच्या वाटेने, लॅपटॉपशी बोलतं. २०१७च्या अखेरीपासून इंटेलने सीएनव्हीआय नावाची दुसरी पद्धत आणली. तिच्यात बरंचसं काम प्रोसेसरच्या बाजूला चिपसेटमध्ये होतं आणि कार्डावर मुख्यतः रेडिओ उरतो. एएक्स२०१ हे असं कार्ड आहे. त्याला इंटेलच्या दहाव्या पिढीपासूनचे प्रोसेसर लागतात. तुमच्या ८२५०यूमध्ये सीएनव्हीआय मुळातच नाही. एएक्स२११, एएक्स१०१, एएक्स२०३ हीसुद्धा त्याच जातीची, तेव्हा तीही बाद. एएमडीच्या लॅपटॉपवर तर यातलं एकही चालत नाही.

तुमच्यासाठी एएक्स२०० किंवा एएक्स२१० योग्य. दोन्ही पीसीआय एक्सप्रेसवर चालतात. ऑर्डर करताना नाव एक-एक अंक वाचून घ्या. २१० आणि २११ दिसायला जुळे आहेत.

तुमच्या स्लॉटला पीसीआय एक्सप्रेस पोचतंय का, हे लॅपटॉप न उघडताही कळतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अडॅप्टरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, आणि यादीतून हार्डवेअर आयडीज निवडा. ओळ 'पीसीआय'ने सुरू व्हायला हवी. पुढे 'व्हीईएन'नंतर चार अक्षरी खूण असते: ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रिअलटेक, १४सी३ म्हणजे मीडियाटेक. तुमच्याकडे १०ईसी दिसेल. रिअलटेकचं कार्ड सीएनव्हीआयवर चालूच शकत नाही, म्हणजे त्या स्लॉटला पीसीआय एक्सप्रेसची लाइन आहे हे सिद्ध झालं. हेच आतलं कार्ड इंटेल ९५६० असतं तर मी इतक्या खात्रीने सांगितलं नसतं. ते सीएनव्हीआयचं आहे, आणि काही लॅपटॉपमध्ये त्या स्लॉटला तेवढीच जोडणी दिलेली असते.

तिथेच ब्लूटूथचाही आयडी बघा. वायफाय पीसीआय एक्सप्रेसवरून चालतं, पण त्याच कार्डावरचं ब्लूटूथ यूएसबीवरून. आयडी 'यूएसबी'ने सुरू होत असेल तर नव्या कार्डाचं ब्लूटूथही चालायला हवं.

यानंतरचा अडसर बायोसचा, म्हणजे लॅपटॉप सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रामचा. काही कंपन्यांनी, विशेषतः जुन्या मॉडेलमध्ये, ठरावीक कार्डांचीच यादी बायोसमध्ये घालून ठेवली होती. यादीबाहेरचं कार्ड दिसलं की लॅपटॉप सुरू होतानाच एरर देऊन थांबतो. ग्राहकाने विकत घेतलेल्या यंत्रावरचं हे बंधन मला कधीच पटलेलं नाही. तुमच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल शोधा आणि मॉडेलच्या नावासोबत 'एएक्स२१०' टाकून लोकांचे अनुभव वाचा. यादी असलीच तर बदललेला बायोस चढवायच्या फंदात पडू नका, यूएसबी अडॅप्टर घ्या. कार्ड मदरबोर्डला सोल्डर केलेलं निघालं तरी तोच उपाय.

आता अँटेना, ज्याकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही. ८७२३डीई हे एकाच स्ट्रीमचं, म्हणजे एका वेळी डेटाचा एकच प्रवाह चालवणारं कार्ड आहे, त्यामुळे तुमच्या लॅपटॉपमध्ये अँटेनाची वायर एकच असण्याची बरीच शक्यता आहे. नव्या कार्डाला दोन लागतात. एका वायरवरही ते चालेल, पण कमाल वेग निम्मा. ८० मेगाहर्ट्झच्या चॅनलवर दोन अँटेनांनी १२०१ एमबीपीएसची लिंक मिळते, एकीने ६०० ची. तुमच्या आताच्या कार्डाची कमाल १५० आहे आणि २० मेगाहर्ट्झवर तर ७२च, तेव्हा एका वायरवरही फरक ठळक जाणवेल. चिकटवायची पातळ अँटेना वेगळी मिळते. ती प्लॅस्टिकच्या भागामागे लावा, धातूमागे सिग्नल अडतो. म्हणून आधी मागचं झाकण उघडून वायर मोजा, मगच कार्ड मागवा.

हे सगळं करण्याआधी राउटर ५ गिगाहर्ट्झ देतो ना, तेही बघा. नसेल देत तर या खर्चाचा फारसा उपयोग नाही. एएक्स२१० ला ६ गिगाहर्ट्झही येतं, पण त्यासाठी विंडोज ११, तसा राउटर आणि तुमच्या देशात त्या बँडला परवानगी, हे तिन्ही लागतं. जुन्या अँटेना त्या बँडसाठी बनवलेल्याही नसतात. तेवढ्यासाठी एएक्स२०० सोडून एएक्स२१० घ्यायची गरज नाही. किमतीत फार फरक नसेल तर जरूर घ्या.

बसवताना: इंटेलचं ड्रायव्हर आधीच डाउनलोड करून ठेवा, कारण नवं कार्ड घातल्यावर इंटरनेट नसण्याची शक्यता असते. शिफ्ट दाबून शटडाउन करा म्हणजे लॅपटॉप पूर्ण बंद होईल. चार्जर काढा आणि आत पोचल्यावर सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा. अँटेनाची टोपी, म्हणजे वायरच्या टोकाचा छोटा गोल कनेक्टर, वायर धरून ओढू नका. टोपीच्या कडेखाली नख घालून सरळ वर उचला. कार्डाचा स्क्रू काढला की ते आपोआप तिरकं वर येतं. नवंही तसंच तिरकं सरकवून खाली दाबायचं. टोप्या परत लावताना घाई नको. बरोबर मध्यावर ठेवून बोटाने हलकेच फिरवून पाहा. जागेवर असेल तर ती घसरत नाही. मग सरळ दाबा, बारीकसा टक् आवाज येतो. तिरकी दाबली तर कडा चेपते, आणि ती वायर स्क्रीनच्या बिजागरातून वर गेलेली असल्यामुळे बदलणं त्रासाचं काम आहे. वायर एकच असेल तर ती कार्डावर १ किंवा 'मेन' लिहिलेल्या जागी लावा.

सुरू केल्यावर ब्लूटूथ दिसलं नाही तर गोंधळू नका, त्याचं ड्रायव्हर वेगळं असतं. तेही टाका. वायफायच दिसत नसेल तर कार्ड काढून पुन्हा नीट बसवून बघा. तरीही नाहीच, तर डिव्हाइस मॅनेजरमधला हार्डवेअर आयडी जसाच्या तसा इथे खाली टाका, मी बघतो.